उंबऱ्यावरून लेकरू

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या दारात फरशीवर एक लाल पट्टा आखलेला आहे. पट्ट्याच्या आतल्या हिरव्या रबरी चपला बाहेर न्यायच्या नाहीत आणि बाहेरची कुठलीच चप्पल आत आणायची नाही. हा नियम मोडणाऱ्याकडे थिएटरच्या मोठ्या सिस्टर अशा बघतात, की माणूस पुन्हा ती चूक करत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया शिकायला मी या विभागात आले, तेव्हा सगळ्यात आधी तो पट्टा शिकले.

मोठ्या माणसांच्या मेंदूचं शिक्षण माझं आधीच झालं होतं. तरी मी अजून शिकतेच आहे, याचं उस्मानपुऱ्यातल्या आमच्या नातेवाइकांना भारी नवल. कुठल्याही लग्नात एखादी मावशी विचारायचीच, "अजून शिक्षणच का गं? मग पेशंट कोण तपासतं?" एरवी मी हसून सोडून द्यायचे. डोकं फिरलेलं असलं, की म्हणायचे, "मोठ्यांची डोकी उघडता येतात मावशी, आता लहानांची उघडायला शिकतेय." मावशीच्या हातातली जिलेबी ताटात परत जायची आणि मला फार बरं वाटायचं.

खरं तर मावशीला सांगण्यासारखं बरंच होतं. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाचा छोटा नमुना नसतो. त्याची कवटी पातळ असते, काही ठिकाणी तर अजून जुळलेलीच नसते. त्याला काय होतंय ते सांगता येत नाही, फक्त रडता येतं. आणि त्याच्या अंगात रक्त फार थोडं असतं. हे शेवटचं आमच्या सरांनी मला पुस्तकातून शिकवलं नाही. हात धुण्याच्या जागेशेजारी खिडकीत त्यांनी स्टीलचा एक तांब्या ठेवला होता. प्रत्येक शस्त्रक्रियेआधी मुलाच्या वजनावरून हिशेब करायचा, त्या मुलाच्या अंगात जेवढं रक्त, तेवढं पाणी तांब्यात ओतायचं आणि आत डोकावून बघायचं. पहिल्या वेळी मी बघितलं, तर तांब्या अर्ध्याच्या जरा वर भरला होता.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," सर म्हणाले. "आता यातलं पेलाभर सांड आन् मला सांग, राहिलं किती."

सर खुलताबादकडचे. घर शेतकऱ्याचं. इतकी वर्षं मोठ्या शहरांत शिकून आले, परदेशी जाऊन आले, तरी बोलणं गावचंच राहिलं होतं. परिषदेत इंग्रजीत भाषण द्यायचे आणि खाली उतरल्यावर मला म्हणायचे, "लई बोललो का गं?" रागावले तर आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. ते कुजबुजायला लागले, की थिएटरमधले सगळे आपापलं हातातलं काम पुन्हा तपासून बघायचे.

दुसरा धडा अंड्यांचा. कवटीला भोक पाडताना खालचं आवरण फाटू नये, याचा सराव कच्च्या अंड्यावर करतात. बारीक ड्रिलने कवच घासत न्यायचं आणि आतला पांढरा पापुद्रा तसाच ठेवायचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं आलं नव्हतं. आजोबा कचेरीत कारकून, त्यांच्या आधीचे पूजाअर्चा करणारे. माझ्या पिशवीत आईला अंडी सापडली, तेव्हा तिला वाटलं पोरगी हातची गेली. मी समजावलं, तशी ती म्हणाली, "खायची नाहीत ना? मग गच्चीवर काय ते कर." मी गच्चीवर उन्हात बसून अंडी घासायचे. सुरुवातीची सगळी फुटली. शेजारच्या काकू कठड्यावरून बघून नाक मुरडायच्या. शेवटी एक अंडं असं जमलं, की कवचाची खिडकी निघाली आणि आतला पापुद्रा श्वास घेतल्यासारखा हलत राहिला. मी ते वाटीत घालून सरांकडे नेलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "गावरान अंड्यावर कर. त्याचं कवच टणक असतं. पोल्ट्रीच्या अंड्यावर कुणीबी करंल."

पण माझा जीव अडकला होता तो तिसऱ्याच गोष्टीत. आमच्या विभागाची एक रीत होती. ज्याच्या हातात सुरी, त्यानंच दारात जाऊन आईच्या कडेवरून लेकरू घ्यायचं. वॉर्डबॉयनं नाही, सिस्टरनं नाही. आणि शस्त्रक्रिया झाल्यावर त्यानंच परत द्यायचं. परत येताना मूल ट्रॉलीवर असतं, नळ्यांनी वेढलेलं असतं. तरी ट्रॉली दारात थांबवून त्याचा हात आईच्या हातात द्यायचा. सर म्हणायचे, कापायच्या आधी हाताला वजन कळलं पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे बढतीला 'घेणं' म्हणत. एखादा शिकाऊ डॉक्टर स्वतः शस्त्रक्रिया करण्याच्या लायकीचा झाला, की सर एवढंच म्हणायचे, "उद्याचं लेकरू तू घे."

दोन वर्षं मी सरांना घेताना बघत होते. त्यांची एक पद्धत होती आणि खरं सांगायचं तर ती मला नाटकी वाटायची. ते पट्ट्यापाशी येऊन हिरव्या चपला आतच काढायचे, अनवाणी बाहेर जायचे, आईच्या अगदी समोर उभे राहायचे आणि मूल घेऊन आत यायचे. मग मुलाला माझ्याकडे देऊन नळाखाली पाय धुवायचे. पट्ट्याच्या आत उभं राहून नुसते हात पुढे केले असते, तरी काम झालं असतं. मोठ्या सिस्टर पुटपुटायच्या, "रोज पाय धुतात, जसं देवळात चाललेत." मला वाटायचं, मोठ्या माणसांचं कौतुक होतं म्हणून त्यांना असल्या सवयी परवडतात.

ती मुलगी शेंद्र्याकडची होती. दोन-अडीच वर्षांची, डोकं सतत एका खांद्याकडे कललेलं. वडील कारखान्यात कामाला, आई घर आणि वावर दोन्ही बघणारी. पोरीला रोज सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची आणि मग दिवसभर ती बरी असायची. जंताचं औषध झालं, गॅसचं झालं. खुलताबादला दर्ग्यावर जाऊन आले, गळ्यात ताईत होता. मग ती चालताना पडायला लागली. कुणी तरी शहाण्या डॉक्टरनं स्कॅन करायला सांगितलं आणि त्यात डोक्याच्या मागच्या बाजूला, छोट्या मेंदूत, लिंबाएवढी गाठ दिसली. गाठीनं मेंदूतल्या पाण्याची वाट अडवली होती. काढली नसती, तर पोरगी थोड्याच दिवसांत गेली असती. काढताना काय होईल, तेही सांगता येत नव्हतं. गाठ रक्तानं भरलेली दिसत होती.

सरांनी फिल्म खिडकीला धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "उद्याचं लेकरू तू घे. मी बाजूला हाय."

मला आनंद झाला. हे लिहायला संकोच वाटतो, पण झाला. तेवढ्यासाठी तर इतकी वर्षं घातली होती.

संध्याकाळी मी वॉर्डात जाऊन पोरीच्या आईला सगळं सांगितलं. वाईटातलं वाईट काय होऊ शकतं, तेही सांगितलं. ती पलंगावर पाय सोडून बसली होती, पोरगी मांडीवर. तिनं पोरीच्या मानेमागचा हात बदलला. मग विचारलं, "तुमी करणार का मोठे डॉक्टर?"

"मी करणार. सर माझ्या शेजारी उभे असतील."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "तुमाला लेकरं हायेत का, मॅडम?"

"नाहीत."

"मंग जपून धरा," ती म्हणाली. "मान एका बाजूला टाकती ती. हात मागं लावावा लागतो."

सकाळी मी खिडकीतला तांब्या भरला. गळ्यापर्यंतही आला नाही. बघून घेतलं आणि दाराकडे गेले. आई पट्ट्याच्या पलीकडे उभी होती, मागे वडील हातात पिशवी घेऊन. पोरीला गुंगीचं गोड औषध पाजलेलं होतं. ती आईच्या खांद्यावर पेंगत होती. मी पट्ट्याच्या अलीकडे उभी राहून दोन्ही हात पुढे केले.

आई मागे सरली. मला वाटलं, शेवटच्या क्षणी हिचा धीर सुटला. अशा वेळी काय बोलायचं, ते आम्हाला शिकवलेलं असतं. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "उंबऱ्यावरून नगं, मॅडम."

"काय?"

तिनं हनुवटीनं लाल पट्टा दाखवला. "उंबऱ्यावरून लेकरू देत नसतेत. लेकरूच काय, मीठबी देत नाय आमी. एकतर मला आत घ्या, न्हायतर तुमी भाईर या."

तिला आत घेता येत नव्हतं. मी खाली बघितलं. माझ्या पायांत हिरव्या चपला होत्या. त्या आत काढून ठेवल्या आणि अनवाणी पट्ट्याबाहेर गेले. फरशी थंडगार होती. मी तिच्या अगदी समोर उभी राहिले, तेव्हा तिनं पोरगी माझ्या हातात दिली. मी मानेमागे हात लावला. पोरीनं डोळे किलकिले करून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "सुई नाय ना?"

"नाही," मी म्हणाले. औषधानं ती झोपेपर्यंत ते खरंच होतं.

आत येऊन पोरगी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंकडे दिली, तर सर नळापाशी हात धूत होते. त्यांनी माझे पाय पाहिले. सरकून नळ मोकळा करून दिला. दोन वर्षं मी ज्याला नाटक म्हणत होते ते मला तिथं, पायांवर पाणी पडताना, कळलं. नंतर कधी तरी मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "माझी आईबी द्यायची नाय. इथं येणारी प्रत्येक बाई बोलून दाखवती असं नाय. काहीजणी तशाच देतेत आन् मग काय वाईट झालं, की जन्मभर त्या उंबऱ्यावर खापर फोडतेत."

शस्त्रक्रिया चांगली सुरू झाली. हे मुद्दाम सांगते आहे. पोरगी पालथी, कपाळ मऊ आधारावर, डोळ्यांवर पट्ट्या. मानेच्या मागे मधोमध छेद घेतला. हाड काढलं, आवरण उघडलं. एकही थेंब वाया जाऊ दिला नाही. रक्तानं भिजलेली प्रत्येक पट्टी सिस्टर वजनकाट्यावर ठेवून आकडा सांगत होत्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तेवढं रक्त नळीतून परत देत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ दिसली, करड्या-तांबड्या रंगाची. मी कडेनं हळूहळू सोडवत गेले. सर शेजारून एवढंच म्हणत होते, "डावा हात शांत. घाई रक्ताला असती, आपल्याला नसती." अर्धीअधिक गाठ निघाली. मला आठवतं, एका क्षणी मी मनात म्हणाले, जमतंय.

मग गाठीच्या खालच्या बाजूनं रक्त आलं. येताना ते साधंच दिसलं. मी कापसाची चकती ठेवली, दाबली, थांबले. चकतीच्या चारी बाजूंनी रक्त वर आलं. दुसरी ठेवली. सरांचा हात माझ्या हाताशेजारी आला होता. दोघांनी मिळून जे जे करायचं असतं ते केलं, शिकवलेलं सगळं आणि न शिकवलेलंही. सिस्टरच्या आवाजातले आकडे आता थांबायचं नावच घेत नव्हते. सूक्ष्मदर्शकात सगळं लाल होतं आणि मला तांब्या दिसत होता. भूल देणाऱ्या बाई दोन्ही हातांनी रक्ताची पिशवी पिळत होत्या. त्या म्हणाल्या, "ठोके जातायत." आम्ही जखम झाकून पोरीला उताणं केलं. तिच्या छातीवर माझा एकच तळहात. एवढ्याशा छातीला दोन्ही हात लावत नाहीत.

मी बराच वेळ दाबतच होते. सर कुजबुजले, "बास, बेटा."

मी थांबले नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. मग थांबले.

मी हातमोजे काढायला लागले, तेव्हा त्यांनी मान हलवली. "जखम शिव."

"सर, आता..."

"नीट शिव. सगळ्यात बारीक धाग्यानं. आई तिथं हात फिरवणार हाय."

मी शिवलं. जिवंत लेकराची जखम शिवावी तसं, थरावर थर, बारीक बारीक टाके. एकही टाका वाकडा पडत नव्हता आणि त्याचाच मला राग येत होता. सिस्टरनी कोमट पाण्यानं तिचे केस पुसले, गळ्यातला ताईत काढून ठेवला होता तो परत बांधला. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि तो मी सरांना तिथंच विचारला. "माझं काय चुकलं?"

त्यांनी खरोखर विचार केला. मला बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्यांतले ते नव्हतेच. "काय चुकलं नाय," ते म्हणाले. "मी केलं असतं तरी हेच झालं असतं."

त्या वाक्यानं मी मोडून पडले. चूक असती, तर ती धरून ठेवता आली असती. पुढच्या वेळी करायची नाही म्हणून खूणगाठ बांधता आली असती. आमचं सगळं शिक्षण चुकांवर उभं आहे. अंडी फुटतात म्हणून हात सुधारतो. इथं सुधारायला काहीच नव्हतं. सगळं बरोबर करून लेकरू गेलं होतं. मला सरांचाही राग आला, त्या खिडकीतल्या तांब्याचाही आला.

"मी देऊ का?" सरांनी विचारलं.

विभागाची रीत ठरलेली होती आणि ते ती मोडायला तयार होते. कागदपत्रं, सही-शिक्का, शवागाराची माणसं, सगळं नंतर होणार होतं; पण आधी आईच्या हातात. मी म्हणाले, "नाही. मी घेतलं होतं."

पोरीला पांढऱ्या चादरीत गुंडाळून मी उचललं. हाताला वजन कळत होतं. सकाळचंच वजन होतं ते, आत रक्त घालत राहिल्यामुळे कमीसुद्धा झालं नव्हतं. मानेमागे हात लावला. पट्ट्यापाशी आले. बाहेर दुपारचं ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं. वडील भिंतीला टेकून उकिडवे बसले होते, आई उभी होती. सकाळी मला काय बोलायचं ते माहीत होतं. आता तिच्याकडे बघितलं आणि तिला सांगायची गरज उरली नाही. तिनं चादर पाहिली होती, माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या सरांचं तोंड पाहिलं होतं.

वडिलांच्या तोंडातून एक आवाज निघाला. ती नाही रडली. मी पट्ट्याच्या आत थांबले. दोन्ही हातांत पोरगी असताना चपला काढायला वाकता येत नव्हतं. मी उजव्या पायानं डाव्या पायातली चप्पल सोडवायला लागले. रबर घट्ट होतं. मी पाय झटकला. चप्पल निघेना. मला कसंही करून बाहेर जायचं होतं, अनवाणी, तिच्या अगदी समोर. तेवढं एकच माझ्या हातात राहिलं होतं.

ती दोन पावलं चालून पट्ट्यापाशी आली. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि मी काय करतेय, ते तिला समजलं.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," ती म्हणाली. तिनं पट्ट्यावरून दोन्ही हात आत घातले. "द्या हिकडं. आता कशाचा उंबरा."

मी दिलं.